शेवटचं कोरं पान

ग्लू स्टिकचा तो गोडसर वास आला की मला मुलुंडमधला एक एसी हॉल आठवतो, आणि अजूनही बरं वाटतं. सासूबाईंच्या पंचाहत्तरीसाठी मी स्क्रॅपबुक केलं होतं. जेवणाच्या टेबलावर कागदांचा पसारा मांडून बसायचे, फोटो चिकटवायचे आणि प्रत्येकाशेजारी त्या दिवसाची हकिकत माझ्या वळणदार अक्षरात लिहायचे. समारंभात केक कापून झाला आणि नणंदेने ते स्क्रॅपबुक उचललं, माईक हातात घेतला न् सांगून टाकलं, "आईसाठी सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलंय हं!" टाळ्या पडल्या. नवरा कानाशी पुटपुटला, "जाऊ दे ना यार, तमाशा नको." तमाशा मी केलाच नाही. शेवटचं पान मी नेहमी कोरं ठेवते, समारंभाबद्दल तिथेच बसून लिहायला. पर्समधून काळं पेन काढलं आणि सगळ्यांदेखत गोड आवाजात म्हटलं, "ताई, आजचा दिवस लिहायचा राहिलाय. त्याच अक्षरात लिहा ना, आई वाट बघतायत." तिच्या कपाळावर त्या एसीत घाम आला. पण लिहावं लागलं. कोंबडीच्या पायांसारख्या चार ओळी, खाली घसरत गेलेल्या. सासूबाईंनी चष्मा लावला, ते पान बघितलं, मग मागचं बघितलं, आणि सावकाश माझ्याकडे मान वळवली. परवा नणंद म्हणाली, "ते शेवटचं पान काढ गं, छान नवीन करून दे." मी म्हटलं, "छे हो ताई, तुमच्या हातचं तेवढंच तर आहे त्यात."