अकरा वाजताचा फोन

"त्या रोजगार केंद्रातली पोरगी एकटीच बसून राहते जी. बाहेर कोणी नसलं तरी घंटी वाजवते अन् 'पुढचे या' म्हणते."

जमादार हे ठाणे अंमलदाराला हळू आवाजात सांगत होते. मी दाराशी उभी होते. पोलीस उपनिरीक्षक म्हणून मी जेमतेम दोन वर्षं काढली, मग राजीनामा दिला. तेवढ्या नोकरीतली ही एकच घटना मला अजून सोडत नाही.

आदल्या दिवशी मुकुटबनकडचे एक गृहस्थ ठाण्यात आले होते. त्यांच्या मुलीच्या नावावर भलत्याच कोणी सिमकार्डं घेतली होती, आणि परराज्यातले पोलीस तिची चौकशी करत होते. "मॅडम, पोरीजोळ एकच फोन आहे, तोही माह्यावाला," ते म्हणाले. मुलीने कागदपत्रं दिली होती ती एकाच ठिकाणी, बसथांब्यामागच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात.

मी साध्या कपड्यांत तिथे गेले. स्वच्छ पुसलेलं टेबल, घंटी, रांगेत मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या. टेबलामागची मुलगी सव्वीस वर्षांची, एमए मानसशास्त्र, वर समुपदेशनाची पदविका. नेमणूकपत्रावर तिचं पद 'तालुका रोजगार अधिकारी' होतं, आणि परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा काळ संपल्यावर पगार सुरू होणार होता. ती मन लावून विचारत होती, थांबून ऐकत होती. खोटेपणा मला कुठे दिसला नाही. त्याचीच भीती वाटली.

बरोबर अकरा वाजता तिचा फोन वाजला. "वरिष्ठ मॅडम," असं म्हणत तिने स्पीकर लावला.

"नमस्कार. केंद्र वेळेवर उघडलं का?"

"हो मॅडम."

"छान. काल किती नोंदणी झाली?"

"चार, मॅडम."

पलीकडे बारीक खोकला. "कागद स्पष्ट पाठवत जा. तुमचं काम वरपर्यंत पोहोचतंय."

मुलीचा चेहरा उजळला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पंच घेऊन पंचनाम्याला गेलो. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळे अडलेले शब्द मी जमादारांना विचारत लिहीत होते. अकराला फोन वाजला. मी तिला खुणेनं उचलायला सांगितलं.

"नमस्कार. केंद्र वेळेवर उघडलं का?"

"मॅडम, इथे पोलीस आलेत," ती रडवेली होऊन म्हणाली.

"छान. काल किती नोंदणी झाली?"

"मॅडम, तुम्ही बोला ना यांच्याशी!"

तोच बारीक खोकला, त्याच जागी. "कागद स्पष्ट पाठवत जा. तुमचं काम वरपर्यंत पोहोचतंय."

फोन बंद झाला. "बाप्पा," जमादार पुटपुटले, "सात महिने हे पोरगी कोणाशी बोलून राह्यली होती?"

ठाण्यात तिचा जबाब घ्यायला मला तीन तास लागले. ती एकच सांगत होती, "मॅडम रोज फोन करायच्या." तो आवाज ध्वनिमुद्रित आहे, हे तिला पटेना. पुढे सायबर शाखेने कागदपत्रं विकणारे दोघे पकडले. आवाज कोणाचा, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नाही. त्यांनी तो तयारच विकत घेतला होता.

आता मी एका महाविद्यालयात अकरा महिन्यांच्या करारावर समुपदेशक आहे. या कामात नोकऱ्या आहेत का, असं मुली विचारतात. आहेत, पण थोड्या, आणि बहुतेक कराराच्या, असं मी सांगते. नेमणूकपत्रावर ज्याची सही आहे त्याला एकदा तरी समोरासमोर भेटा, हेही सांगते. त्या प्रकरणातून मी एक शिकले. ज्याला कामाची फार गरज असते तो 'शाबास' म्हणणाऱ्या आवाजाला उलट प्रश्न विचारत नाही. मीही तेव्हा परिवीक्षेवरच होते.

तिचा जबाब घेतला त्या संध्याकाळी ठाणेदारांनी फाइल मिटली. "नोंदणीच्या सगळ्या फॉर्मांवर अधिकारी म्हणून सही तिचीच आहे. आरोपी करा, उद्या कोर्टात हजर करा."

एकदा गुन्हा नोंदला की चारित्र्य पडताळणीत तिचं नाव कायमचं अडकणार होतं. बाकावर बसलेली ती हे जाणून होती. इतरांना ती हेच समजावत आली होती.

"समजलं ना, मॅडम?" ठाणेदारांनी विचारलं. एरवी मी "जी सर" म्हणून निघून जायची. मी फाइल पुन्हा उघडली, सगळ्यात तळाचा कागद वर काढला.

"सर, पहिला फॉर्म तिच्या स्वतःच्याच नावाचा आहे. आधार, फोटो, अंगठा, सगळं तिचं. आधी तिची फिर्याद घ्या."