विकायचे टॉवेल

सोलापूरच्या माणसाला ऊन लागत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. पुण्याचे पाहुणे एप्रिलमध्ये आले की पंख्याखालून हलत नाहीत आणि आम्ही त्यांना हसतो. त्यामुळे नववीतली माझी मुलगी शाळेत आरोग्याच्या तासाला उष्माघात शिकून आली आणि मलाच शिकवू लागली, तेव्हा मी काही मनावर घेतलं नाही.

"अप्पा, ऊन दरवर्षी वाढायलंय. चक्कर आली, बोलणं अडखळलं, की वाट बघत बसायचं न्हाय."

"तुझ्या बाई कुटल्या गं? थंड गावच्या असतील," मी म्हणालो. ती फणकारली.

मी आठवडी बाजारांत टॉवेल-चादरी विकतो. सुट्टीत मुलगी मदतीला येते, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईक तिच्याकडेच जास्त येतं. त्या दिवशी मंद्रूपच्या बाजारात भर दुपारी भाव सांगता सांगता माझी जीभ जड झाली. तिनं एकदाच माझ्या तोंडाकडे बघितलं आणि समोरच्या बाईंना सांगितलं, "दुकान बंद हाय."

शेजारच्या रसवाल्याला हाताशी घेऊन तिनं मला त्याच्या छपराच्या सावलीत आडवं केलं. सदरा काढला. मग आमचे नवेकोरे टॉवेल त्याच्या पाण्याच्या पिंपात बुचकळून माझ्या मानेवर, काखेत ठेवू लागली.

"अगं, विकायचा माल हाय तो," एवढंच मला कसंबसं बोलता आलं.

"गप पडा तुमी," ती म्हणाली आणि आणखी एक भिजवला. रसवाल्याला रिक्षा आणायला पिटाळलं. आवाज थेट तिच्या आईचा, उलट बोलायची सोय नसलेला.

दवाखान्यात सलाईन लागली. सिस्टर म्हणाल्या, "पोरीनं वेळेत केलं म्हणून बरं. न्हायतर अवघड होतं." मला इतका अभिमान वाटला की डोळेच भरून आले. ते लपवायला मी तिला म्हणालो, "जा, बाहेर जाऊन काहीतरी खाऊन ये." ती जागची हलेना.

"कोरोनात तुमी वरच्या खोलीत होता, तवा पण मला बाहेरच ठेवलं," ती म्हणाली. तेव्हा ती चौथीत होती. "मी जिन्यात बसून तुमचा खोकला ऐकायची. खोकला थांबला की लई भ्या वाटायचं."

त्या आजारातून आमचं घर कधीच बाहेर पडलं, असं मी धरून चाललो होतो. मी तिचा हात धरला.

"बस हितंच," मी म्हणालो.