अक्कांचे ओले-कोरडे यंत्र

माझ्या थोरल्या नणंदेच्या अंगाला अमोनियाचा वास येत असे. इतर बायकांच्या पदराला शिकेकाईचा, वेलदोड्याचा, फार तर मोगऱ्याचा वास असतो. अक्का संध्याकाळी कारखान्यातून घरात पाऊल टाकीत आणि नाकाच्या अगदी वर, जिथे शिंक जन्माला येते तिथे, एक निळसर सुई टोचल्यासारखी होई. ज्या यंत्रावर नकाशांच्या प्रती निघत, त्या यंत्राचा तो वास. परंतु अक्कांची खरी ओळख तो वास नव्हे. त्यांची खरी ओळख अशी, की या पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्या सर्व माणसांत जमिनीकडे सर्वाधिक काळ पाहिलेली व्यक्ती त्याच. शेतकरी जमिनीकडे पाहतो, हे मान्य. पण तो मधूनमधून आभाळाकडेही पाहतो. अक्कांनी आभाळाकडे पाहिल्याचे मला आठवत नाही.

कोणाच्याही घरी गेल्या की यजमानांच्या चेहऱ्याआधी त्या त्यांची फरशी ओळखीची करून घेत. चप्पल काढून, डोळे अर्धवट मिटून, तळव्याने. "शहाबादी. पॉलिश नाही. सोड्यानं पुसतात," असे पुटपुटत, आणि मग मान वर करून "नमस्कार" म्हणत. लग्न केले नाही. कोणी कारण विचारलेच, तर "पसंत पडेल अशी फरशीच दिसली नाही" एवढेच उत्तर मिळे. पर्समध्ये त्या काचेची एक हिरवी गोटी बाळगीत. मला पाहायला आल्या, तेव्हा माझे वडील माझ्या काव्यवाचनाच्या बक्षिसांची यादी सांगत होते आणि अक्कांनी खुर्चीखालून ती गोटी हळूच सोडली. सगळ्यांच्या देखत ती किणकिणत निघाली, खोलीभर फिरली आणि माझ्या अंगठ्याला टेकून थांबली. "मुलगी छान आहे," अक्का म्हणाल्या, "मधल्या खोलीचा उतार मात्र उलटा आहे." वडिलांनी पुढे तो उतार खरोखरच दुरुस्त करून घेतला. लग्नाआधी.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात अक्का बावीस वर्षे नकाशे काढीत होत्या. यंत्र साहेबांच्या डोक्यातले. रेषा अक्कांच्या हातच्या. पंपांचे, झाकणांचे, बोल्टांचे किती नकाशे त्यांनी काढले असतील कोण जाणे, परंतु त्यांतली एकही वस्तू त्यांनी स्वतः योजलेली नव्हती. एकदा मटार सोलता सोलता, परातीकडेच पाहत, त्या मला म्हणाल्या, "रिटायर व्हायच्या आत एक तरी वस्तू माझ्या डोक्यातली बनावी गं. लहानशी असली तरी चालेल." एवढे बोलून त्यांनी किडका दाणा वेचून बाजूला टाकला. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. पण त्या दिवसापासून तो आमच्या घरात पाट मांडून बसल्यासारखा असे.

तशात ती दुष्काळी वर्षे आली. गारखेड्यात आम्ही घर बांधले, तेव्हा समोर ज्वारीचे रान होते. आता त्या रानात चुन्याच्या फक्कीने आखलेले प्लॉट उगवू लागले. जिकडेतिकडे पाया खणणे चाललेले, वाळूचे ढीग, सिमेंटची पोती. आणि या सर्वांवरून उठून आमच्या घरात येणारी ती धूळ! पिठासारखी मऊ, जिभेवर किंचित खारट, दुपारच्या उन्हात सोन्यासारखी तरंगणारी. मी तिच्यावर कविता केली. अक्कांनी ती ऐकली आणि म्हणाल्या, "कवयित्रीबाई, यमक जुळलंय, आता फडकंही जुळवा."

पण फडक्याला पाणी कुठले? नळ यायचा तो पाहुण्यासारखा, आणि तसाच लवकर निघायचा. आमच्या घरात पाण्याच्या प्रत्येक थेंबाला अनेक जन्म घ्यावे लागत. तांदळाच्या धुवणात भाजी धुतली जाई, भाजीच्या पाण्यात फडके बुडे, आणि फडक्याचे ते करडे पाणी शेवटी कढीपत्त्याच्या मुळाशी जाऊन मोक्षाला पोचे. फरशी रोजची पुसायची ती एक दिवसाआड, मग चार दिवसांआड पुसली जाऊ लागली. अक्का घरात चालताना तळवे उचलून धरल्यासारख्या चालू लागल्या.

अशा वेळी टाय लावलेला एक विक्रेता व्हॅक्यूम क्लीनर घेऊन दारी आला. त्या बिचाऱ्याची मला अजून दया येते.

"मॅडम, धूळ बघा कशी ओढून घेतो!"

अक्का यंत्राच्या मागे जाऊन उकिडव्या बसल्या. ओला तळवा त्यांनी वारा सुटणाऱ्या जाळीपुढे धरला आणि चिखलाचा झालेला तो तळवा त्याच्या टायपुढे नेला. "पुढून खातंय आणि मागून ढेकर देतंय की हो. पाणी ओढतं का?"

"पाणी? नाही मॅडम, मोटर जळेल."

"मग आमच्या काय कामाचं? नुसती धूळ ओढून फरशी स्वच्छ होत नसते. टक्कल पडल्यासारखी दिसते."

पाऊण तास त्यांनी त्याच्याकडून यंत्र उघडून घेतले. निघताना तो अत्यंत आदराने म्हणाला, "मॅडम, आपण कुठल्या कंपनीकडून?"

त्याच संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरला गेला आणि आम्ही दोन महिने जमिनीवर बसून जेवलो. अक्कांची कल्पना अशी: यंत्राला दोन पोटे असावीत. एका पोटातले स्वच्छ पाणी ब्रशवर झिरपावे, ब्रशने फरशी घासावी, मागच्या रबरी पट्टीने ते पाणी गोळा करावे आणि मोटरीने ते दुसऱ्या पोटात ओढून घ्यावे. कोरडी धूळ असेल तर कोरडी, ओली असेल तर ओली. इतर कोणी हे यंत्र योजले असते, तर घाण पाणी फेकून द्यायचे म्हणून सोडून दिले असते. आमच्या घरी त्या पाण्यावर कढीपत्त्याचा हक्क होता. म्हणून अक्कांची अट एकच: तांब्याभर घातले, तर पाऊण तांब्या तरी परत आले पाहिजे.

दुसरे पोट म्हणून दूधवाल्याचा जुना कॅन आला. मोटर जुन्या बाजारातून आली, ती पहिल्या दिवशी अशी किंचाळली की हे, म्हणजे अक्कांचे धाकटे बंधू, अर्धी दाढी करून रस्त्यावर गेले. आत येणारे पाणी गोल फिरावे आणि धूळ तळाशी बसावी, म्हणून अक्कांनी नळी कॅनच्या भिंतीला तिरकी बसवली. राहिला प्रश्न पाणी मोटरीत शिरण्याचा. त्यावर उपाय म्हणजे पाण्यासोबत वर चढून तोंड बंद करणारा एक पोकळ गोळा. तसा गोळा अक्कांना लगेच सापडला. कुठे, ते आम्हाला गुरुवारी कळले. गुरुवारी नळ आला, गच्चीवरची टाकी भरली, आणि नळ बंद करणारा गोळा तिच्यात नसल्यामुळे ती भरतच राहिली. भर दुष्काळात आमच्या घरावरून धबधबा कोसळत होता. सारी गल्ली बादल्या घेऊन आमच्या भिंतीला चिकटली.

"अक्का, गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!" हे ओरडले.

"ओरडू नकोस. गोळा अगदी मापाचा निघाला," अक्का म्हणाल्या.

अखेर यंत्र तयार झाले आणि आमच्या शहाबादीवर त्याने पाऊण तांब्या परत दिला. मी अनवाणी चालले. पहाटेच्या घाटाच्या पायरीसारखी ती फरशी लागली, थंड, किंचित दमट, आणि अगदी निःशब्द. आता हवा होता तो बनवणारा. अक्कांच्या ओळखीच्या एका शेठचे औद्योगिक वसाहतीत छोटे वर्कशॉप होते. घर शेतकऱ्यांचे, ते स्वतः शहरात येऊन लेथ मशीन टाकून बसलेले. त्यांनी यंत्राला एक प्रदक्षिणा घातली. "अक्का, मला त्यातलं लई कळत नाय. आमच्या मायनं व्हय म्हटलं की मशीन बनली समजा. माय लासूर स्टेशनच्या पुढं ऱ्हाती, गावाकडं."

अक्कांच्या निवृत्तीला तेव्हा सहा महिने उरले होते. जीपमध्ये त्या कॅन मांडीवर घेऊन बसल्या. शहाबादीसाठी मऊ ब्रश, कोटा फरशीसाठी मध्यम, मोझॅकसाठी ताठ, अशी सारी तयारी पिशवीत. तांब्या धरण्याचे काम माझ्याकडे.

मायच्या उंबऱ्याशी पोचल्यावर अक्कांनी सवयीने खाली पाहिले, आणि आयुष्यात प्रथमच पुढे टाकलेला पाय मागे घेतला. आत शेणाने सारवलेली जमीन होती. पाहुणे येणार म्हणून मायने भल्या सकाळी, टंचाईतले अर्धी घागर पाणी खर्चून, नवे सारवण घातले होते. हिरवट, गार वास येत होता. बोटांचे अर्धगोल लाटांसारखे उमटले होते.

"अगं," अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "फरशी कसली आहे, हे विचारायचंच राहिलं."

"परत जाऊ या का?"

"नको. कोरड्यावर चालवते. नुसती धूळ उचलेल."

यंत्राने धूळ उचलली नाही. यंत्राने सारवण उचलले. पापडाच्या पोपड्यांसारखे ते सुटत गेले, आणि दारापासून कणगीपर्यंत ब्रशाच्या रुंदीचा एक उघडा मातकट पट्टा निघाला.

"आरं, जिमीन गिळाया लागलं की हे!" माय ओरडली.

घाबरलेल्या अक्कांनी बंद करायला खटका फिरवला, तो ओल्यावर गेला. तांब्याभर पाणी सुटले. कॅनच्या पोटात काहीतरी गरगर घुसळू लागले, मोटर किंचाळली, गोळा वर चढला, खट्कन् तोंड बंद झाले. मोटर थांबली. एक कोंबडी उंबऱ्यावरून आत डोकावली आणि परत गेली. अक्का पट्ट्याकडे पाहत उभ्या होत्या. बावीस वर्षांनी सुचलेली ती एक वस्तू, आणि तिने कुणाची तरी सकाळ गिळली होती.

"काय गिळलं त्यानं? दाव बरं," माय म्हणाली. कॅनचे झाकण निघाले. मायने कोपरापर्यंत हात घातला, बोटांवर ते चोळले, वास घेतला, पुन्हा चोळले. तिचा चेहरा पालटला.

"बया! एक गुठळी नाय. लोण्यावानी झालंय." आणि तिथेच फतकल मारून तिने त्या रबडीने तो पट्टा सारवून काढला, वर एक थेंबही पाणी न घेता. "माझ्या सुनंला वीस वर्सं झाली सांगती, बारीक कालव, बारीक कालव. हितं बघ म्हणावं, डब्याला जमलं!" आत सुनेने एक पातेले जोरात आपटले.

शेठने विचारले, "मग माय, व्हय का नाय?"

"व्हय! पर त्याचं त्वांड काढून टाक. पोट तेवढं ठिव."

परतीच्या वाटेवर शेठ हर्षाने स्टिअरिंगवर हात आपटत होते. शहरात घरांमागून घरे उठताहेत, प्रत्येक फरशीखाली सिमेंटचा घोळ ओतावा लागतो, मिस्त्री तो फावड्याने कालवतात आणि त्यात गुठळ्याच गुठळ्या राहतात. "अक्का, मशीन बनवू! पर ती फरशी पुसायची नाय, फरशी बसवायची!" जीपच्या पत्र्याच्या तळाकडेही अक्कांनी पाहिले नाही.

तीन दिवसांनी त्या टेबलाशी बसल्या. ट्रेसिंगवरची शाईची रेघ खोडता येत नाही. ब्लेडने हलकेच खरवडून काढावी लागते. त्यांनी आधी ब्रश खरवडला, मग रबरी पट्टी, मग स्वच्छ पाण्याचे पोट. त्या खरवडण्याचा आवाज फार बारीक होता, वाळलेल्या पानावरून मुंगळा चालावा तसा. मी स्वयंपाकघरात फोडणी थांबवून तो ऐकला. निवृत्तीच्या दोन आठवडे आधी पहिले घोळ-यंत्र वर्कशॉपमधून बाहेर पडले. शेठने त्याच्यावर लाल अक्षरांत मायचे नाव रंगवले होते. अक्कांनी पेढा खाल्ला आणि "रंग चांगला आहे" म्हणाल्या.

नंतर गारखेड्यात ती यंत्रे बघता बघता सगळीकडे दिसू लागली. ज्या बाईला शहरातील सारी धूळ पुसायची होती, तिचेच यंत्र ती धूळ उडवणारी घरे बांधू लागले. यावर मी एकदा फार सुंदर काहीतरी बोलले. अक्का म्हणाल्या, "खिडकी लाव. वारं सुटलंय." पुढे दुकानांत चकचकीत ओली-कोरडी यंत्रे आली, तेव्हा त्या खास पाहायला गेल्या, झाकण उघडायला लावले, आत डोकावल्या आणि विक्रेत्याच्या खांद्यावर थोपटून "बरंय हो" एवढेच म्हणाल्या. मात्र त्या रात्री जेवल्या नाहीत.

परवा मी त्यांना संध्याकाळी पाय मोकळे करायला नेले होते. आता काठी टेकतात. ज्वारीच्या रानातल्या शेवटच्या मोकळ्या प्लॉटवरही इमारत उभी राहिली आहे, आणि तळमजल्यावर एक म्हातारा मिस्त्री फरशा बसवीत होता. शेजारी ते यंत्र घरघरत होते. लाल रंग केव्हाच उडालेला. अक्का थांबल्या.

"खाला, जरा हटके. छींटे उडतेय," मिस्त्री म्हणाला. मग त्या हटत नाहीत, हे पाहून त्याने कौतुकाने यंत्राच्या पोटावर थाप मारली. "देखो, एक गुठली नै. जिसने भी बनाया, दिमाग से बनाया."

त्याने घोळ ओतला. तो दुधासारखा पसरला, आणि वर फरशी अलगद, आवाज न करता बसली. अक्का त्या फरशीकडे पाहत होत्या. त्या नकोच म्हणणार हे मला ठाऊक; तरी केवळ विचारायचे म्हणून मी हलक्या आवाजात विचारले, "अक्का, सांगू का त्याला, कोणी बनवलं ते?"

त्यांनी पदर सारखा केला, काठी दुसऱ्या हातात घेतली, मान वर केली आणि म्हणाल्या,

"सांग."