मान न हलवणारा तत्त्वज्ञ

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत ऑटोत बसलो होतो. कुसुमवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." चाळीस वर्षांची दोस्ती, डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. पण माझ्या मनात आधी आलं ते हे, की आता माझ्या टोपीवाल्याचं खरं काय ते कधीच कळणार नाही... लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

माझी सगळी नोकरी कोर्टाच्या नक्कल शाखेत गेली. मूळ कागदाशी नक्कल ताडून पाहायची, हेच काम. ती सवय घरीही आली. दूधवाला, भाजीवाली, जावई, माझ्या संशयातून कोणी सुटलं नाही. प्रभाकर अगदी उलटा. अकोल्याला शाळेत इतिहास शिकवायचा आणि इतिहासातल्या माणसांच्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या जमवायचा. अंगापेक्षा डोकं मोठं, मानेच्या जागी स्प्रिंग. कोटात हात खुपसलेला फ्रेंच सेनापती होता, केस पिंजारलेला शास्त्रज्ञ होता, आणि त्याचा सर्वांत लाडका, विषाचा प्याला धरलेला ग्रीक तत्त्वज्ञ. आपल्या मातीतल्या थोरांना मात्र त्यानं त्या फळीवर कधी बसवलं नाही. "त्यायच्या डोक्याले टिचकी मारायची हिंमत नाई मायी," म्हणायचा. घरातला कोणताही प्रश्न तो या सभेपुढे मांडायचा. कूलर बदलावा का? मग ओळीनं टिचक्या. सगळ्यांच्या माना हलल्या की ठराव मंजूर.

त्याच्या नादानं मीही एक घेतला, उंच टोपीचा, दाढीवाला, गुलामगिरी मोडणारा अमेरिकेचा अध्यक्ष. बुडाखाली शाईनं माझी आद्याक्षरं घातली. प्रभाकरनं तो शाळेच्या प्रदर्शनासाठी मागून नेला आणि पंधरा दिवसांनी आणून दिला. मी टिचकी मारली. आधी टोपीवाला घाईघाईनं मान हलवायचा, आता सावकाश, विचार करून हलवत होता. उलटा करून पाहिलं, आद्याक्षरं जागच्या जागी. दुसऱ्या कोणाचं समाधान झालं असतं. मी निष्कर्ष काढला की बूड माझंच आहे, मुंडकं बदललंय.

विचारलं असतं तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण विचारायचं म्हणजे दोस्तावर आळ घ्यायचा... म्हणून मी दर महिन्याला मोर्शीची संत्री घेऊन अकोल्याला जाऊ लागलो. तो चहा सांगायला आत गेला की फळीवरच्या एकेकाला उचलून पाहायचो. दुसरा टोपीवाला कधी सापडला नाही, त्यामुळे संशय आणखीच वाढला. नेमका कुठे दडवला असेल? याच काळात तत्त्वज्ञाची मान हलेनाशी झाली होती. मी सहज विचारलं, तर म्हणाला, "अबे बापू, हा काही कोणाच्याही होले हो करणारा मानूस नव्हता. त्याले विरोधी पक्षात बसवला." मी हसलो आणि पुन्हा कपाटाकडे पाहू लागलो. आयुष्यभर कागद ताडून पाहणाऱ्या मला एवढी ढळढळीत गोष्ट दिसली नाही.

तेरवीनंतर काही दिवसांनी गेलो, तेव्हा वहिनींनी तत्त्वज्ञ माझ्या हातात दिला. "हा बापूले देजो म्हने." मी सवयीनं बूड पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या टोपीवाल्याची स्प्रिंग प्रदर्शनातच तुटली होती. पाहुणे आले होते, त्यायनं जोरात टिचकी हाणली. तशी स्प्रिंग कुठंच भेटली नाई. मंग यायनं याची काढून तुमच्याले लावली, याची मान चिकटवून टाकली."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी त्या पाहुण्यायच्या नावानं अर्ज केला असता म्हने."

खरं आहे, केला असता. मी चाचरत विचारलं, की मी फळीवर काय शोधायचो ते त्याला...

"समजत होतं ना. तुमी गेले का हासत बसत. बापू आजबी बूड पाहून गेला म्हनत. मी म्हटलं, सांगून टाका एकडाव. तर म्हने, पाहू दे त्याले. त्या निमित्तानं महिन्याले येते तरी."

परतीच्या गाडीत मी पिशवी मांडीवर धरून रडलो. सात वर्षं एका चांगल्या माणसाला मी चोर समजत होतो, आणि तो माझ्यासाठी चहा सांगायला मुद्दाम आत जात होता.

आता दोघेही माझ्या टेबलावर आहेत. सकाळी चहा घेताना मी प्रभाकरची सभा भरवतो. प्रश्न रोज एकच असतो, त्यानं मला माफ केलं का? तत्त्वज्ञ ढिम्म. टोपीवाला त्याच्या स्प्रिंगवर सावकाश, विचार करून हो म्हणतो. पण माझा स्वभाव जात नाही... मी पुन्हा टिचकी मारून पाहतो.