संत्र्याच्या पिकअपचे इंजिन आणि आमचा तपास

पोलीस खात्याच्या इभ्रतीशी निगडित असलेली एक अत्यंत गंभीर बाब मी आज, निवृत्तीनंतर, जाहीर करीत आहे. वाचकांनी शक्य असल्यास उभे राहावे. ती घटना आजही लख्ख आठवते, कारण ती विसरण्याचे माझे सारे प्रयत्न फसले.

साठ साल नुकतेच उलटले होते. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका ठाण्यावर बदलून आलो होतो. एका सकाळी तिवशाकडचा एक संत्रा बागाईतदार धापा टाकीत आला.

"साहेब, माह्या गाडीचं इंजिन चोरीले गेलं!"

"आणि गाडी?"

"गाडी हाये ना. नुसतं इंजिन गेलं."

लढाईच्या काळातली जुनी पिकअप. इंजिन उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी उतरवले आणि ग्रीस लावून गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यांखाली झाकले. आता बसवायला म्हणून पोती उचलली, तर खाली जमीन. इकडे झाडांवर संत्रा पिकलेला. बैलगाड्या सगळ्या कापूस घेऊन जिनिंगकडे लागलेल्या. आठ दिवसांत माल चांदूर रेल्वेच्या धक्क्यावर पोचला नाही, तर वर्षाचे पीक बागेतच गळणार होते.

"तोवर दुसरे इंजिन बसवा," मी सुचवले.

"पाह्यलं ना साहेब! एकाचे बोल्ट जुळते तं गिअरबॉक्स नाई जुळत. दुसऱ्याचं सारं जुळते तं बॉनेट लागत नाई. पोरीसाठी स्थळ पाहनं सोपं!"

गुन्हा नोंदवला. घटनास्थळाचा पंचनामा केला. पोत्यांवर हळदीकुंकू दिसले, कारण यंदाच्या दसऱ्याला फिर्यादीने इंजिनाची पूजा पोती न उचलताच उरकली होती. जमादारांनी पंचनाम्यात 'रिकामी जागा, एक' असे लिहिले. ते मी खोडायला लावले. बागेच्या रखवालदाराला खडसावले, तर तो हुंदके देऊन रडला. रडणारा निर्दोषच असतो असे नाही. पण पोटात इंजिन लपवलेला माणूस इतके मोकळे रडत नाही.

ठाण्याच्या पिकअपमध्ये फिर्यादीला बसवून तीन दिवस आम्ही परतवाड्यापर्यंतची सगळी गॅरेजे पालथी घातली. वाटेत तो म्हणाला, "तुमची गाडी मस्त चालून राहिली, साहेब. इंजिन असं पायजे." माझी छाती फुगली. हेडक्वार्टरने ती नुकतीच दुरुस्त करून पाठवली होती.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली. अकोल्याच्या एका मिस्त्रीने दसऱ्याच्या सुमारास भंगारवाल्याकडून असलेच इंजिन घेतले होते. आम्ही तडक अकोला गाठले. मिस्त्रीला समोर उभे करून मी टेबलावर हात आपटला.

"इंजिन घेतलेस?"

"घेतलं. लपवाचं काय त्याच्यात?"

"कुठे आहे?"

मिस्त्री खाली मान घालून हात पुसत राहिला.

"बोल!"

"साहेब," तो हळूच म्हणाला, "तुमी आले कशात?"

मी दाराबाहेर पाहिले.

"असल्या पिकअप दोन जिल्ह्यांत दोनच हायेत," मिस्त्री फिर्यादीकडे बोट करून म्हणाला. "एक याइची. दुसरी हेडक्वार्टरनं माह्याकडं धाडली होती. दुसऱ्या कोनत्या गाडीत थे इंजिन बसतेच नाई, तं मी कुठी बसवू?"

बॉनेट उघडले. काजळीखाली गेल्या सालच्या दसऱ्याला फिर्यादीने ओढलेली शेंदराची पाच बोटे स्पष्ट दिसत होती. फिर्यादीने गरम इंजिनाला मिठी मारली. चटका बसला तरी सोडेना.

राहिला चोर. भंगारवाल्याला उचलले, तर तो जराही घाबरला नाही. तो आम्हाला थेट फिर्यादीच्याच दारात घेऊन गेला. दसऱ्याच्या साफसफाईत फिर्यादी बायकोला म्हणाला होता, "गोठ्यातलं लोखंड काहाडून टाक." त्या माउलीने आज्ञा पाळली. सगळे लोखंड देऊन तिने तांब्याचे घंगाळ घेतले आणि पोती नीट घडी घालून परत जागेवर रचून ठेवली.

चोरी झालीच नव्हती, असा अहवाल मी पाठवला. वरून परवानगी आल्यावर मिस्त्रीने इंजिन परत संत्र्याच्या गाडीत बसवले. माल वेळेत धक्क्यावर पोचला. ठाण्याची पिकअप मात्र निंबाखाली उभी राहिली आणि मी पुढचा सारा उन्हाळा सायकलवर गस्त घातली.

तपासाला निघताना आपण कशावर बसलो आहोत ते आधी पाहावे, हा धडा मला कोणा वरिष्ठाने दिला नाही. तो त्या बाईने दिला. त्या दिवशी दारात पंच उभे, मागे अर्धे गाव. इंजिन कुठे सापडले ते ऐकून तिने एकदा नवऱ्याकडे पाहिले, एकदा आमच्या पिकअपकडे, मग माझ्याकडे, आणि कपाळावर हात मारून ओरडली,

"अवो, तीन दिवस ज्याच्या जोरावर हिंडून राहिले, थेच धुंडून राहिले होते का तुमी?"