ओट्यासमोरचे कॅमेरे

“रेकॉर्डिंग आहे ना? मग पोरगा दिसत का नाही?” पाटीलभाऊ माझ्यावर डाफरले.

दिसत होता की. म्हणजे हेल्मेट दिसत होतं, बाइक दिसत होती. नंबर प्लेटच्या जागी मात्र पांढरा डाग. अंधारात कॅमेरा स्वतःचा प्रकाश टाकतो, त्याला नाइट व्हिजन म्हणतात. तो चकचकीत प्लेटवर पडला की प्लेट उजळते आणि आकडे जातात. शेवटी गल्लीतलीच काजल दिसत होती. हातातला मोबाइल हिसकावला गेल्यावर रिकाम्या गल्लीत एकटी उभी.

सीसीटीव्ही बसवणाऱ्या कंपनीत मी सर्व्हे इंजिनिअर आहे. कॅमेरा कुठे, किती उंचीवर लावायचा ते मी सांगते. नवागामची ही सोसायटी खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची, पाटीलभाऊ तिचे प्रमुख. ‘क्राइम वाढलाय’ म्हणून होळीच्या सुमारास त्यांनी गल्लीभर कॅमेरे लावून घेतले. प्रत्येक दार दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. सगळं त्यांच्या मोबाइलवर दिसायचं आणि ते येईल त्याला कौतुकाने दाखवायचे.

“आणखी दोन लावून टाका,” ते म्हणाले.

काजल टेक्स्टाइल मार्केटमध्ये बिलिंगला आहे. पोलिसांत तक्रार झाली होती, पण घरी वडिलांनी निकाल आधीच लावला होता, उद्यापासून नोकरी बंद. “ताई, मोबाइल गेला तो गेला,” ती मला म्हणाली, “पण माझी नोकरी का घालवतात?” मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या परतायच्या वेळेला मी त्या गल्लीत जाऊन उभी राहिले. सगळी दारं बंद. तेव्हा आठवलं, सर्व्हेला आले होते तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्याओट्यावर बायका मांडीवर साड्या घेऊन टिकल्या चिकटवत होत्या आणि जी ती मला विचारत होती, “कोनाकडे जावानं शे?” मी वैतागले होते. जणू मीच चोर!

काजलच्या आईचं, मंगलाबाईंचं, दार वाजवलं. त्या आत ट्यूबलाइटखाली घामाने भिजून साडीवर वाकल्या होत्या.

“बाहेर का नाही बसत?”

“कशा बठूत? पाटीलभाऊना मोबाइलमा सारं दखास. पाय पसरानी बी चोरी व्हयनी.”

बरोबरच होतं. घरच्या कपड्यांत, पाय लांब करून, सासूची गाऱ्हाणी सांगत करायचं काम ते. कॅमेऱ्यासमोर कोण करील? एकेक जण आत गेली. बाइकवाल्याला ‘कोनाकडे’ म्हणून विचारणारं कुणी उरलं नाही.

क्राइम रेट, क्राइम रेट आपण म्हणतो. तो असतो तक्रार झालेल्या गुन्ह्यांचा. काजलचा मोबाइल त्यात धरला जाईल. भीतीपायी तिची नोकरी सुटली, तर ती कुठेच मांडली जाणार नाही. मला तेच जास्त लागलं.

पाटीलभाऊंना म्हटलं, “दारांसमोरचे काढू. गल्लीच्या तोंडाशी एक खालच्या उंचीवर लावू, नंबर प्लेटसाठी वेगळा. आणि तिथे चांगला दिवा.”

“म्हणजे बायका ओट्यावर बसल्या की चोर पळतो? हसतील लोक मला!”

“वहिनी बसतात का हो हल्ली बाहेर?”

“बसते ना. रोज बसते.”

आतून वहिनींचा आवाज आला. “मी बी नही बठस आते.”

पाटीलभाऊंनी मोबाइल काढून स्वतःचं दार बघितलं. गल्लीचे सगळे ओटे मोबाइलवर बघणाऱ्या माणसाला स्वतःचा ओटा रिकामा पडलेला दिसला नव्हता. मोबाइल खिशात टाकत ते म्हणाले, “काढा.”

माझ्या कंपनीचे गुजराती शेठ जिग्नेशभाई भडकले. “लगाडेला कॅमेरा काढी नाखवाना? आपणो धंधो शुं छे, बेन?” मी म्हटलं, गल्लीत पुन्हा काही घडलं तर आपलंच नाव जाईल. तेव्हा कुठे तयार झाले. काजलच्या वडिलांनीही बायका पुन्हा बाहेर बसलेल्या बघूनच तिला कामावर सोडलं. तो मोबाइल मात्र शेवटपर्यंत मिळाला नाही.

पुढे कॅमेऱ्याच्या काचा पुसून घ्यायला गेले, तर पहिल्याच ओट्यावरच्या आजीने अडवलं. “कोनाकडे जावानं शे?” या वेळी नीट उत्तर दिलं. तेवढ्यात काजल मार्केटमधून आली. प्रत्येक ओट्यावर बायका तिला थांबवत होत्या. उशीर कसा व्हयना, रिक्षात कोण होतं, डब्यात काय नेलं होतं. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर ती रडकुंडीला आली होती.

“ताई, यांच्यापेक्षा तुमचे कॅमेरे परवडले. ते निदान काही विचारत तरी नव्हते.”

“म्हणूनच काढले,” मी म्हटलं.