शेळीच्या पोटातली जाळी

गेवराई तालुक्यात मी जन्मभर शास्त्र शिकवलं. त्यातला एक धडा मीच चुकलो होतो आणि शिक्षा भोगली दुसऱ्याने. ते आता लिहूनच टाकतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी गावात कंदुरी होती. नवसाचा बोकड कापला. आतड्यांवर झुलणारी चरबीची पातळ जाळी बाहेर आली. सोलायला बसलेल्या धनगराने ती हातावर पसरली. गावातल्या आजारी शेळ्या तोच बघायचा. म्हणाला, "गुरुजी, ही लई शहाणी हाय. पोटात जखम झाली की तिथं जाऊन चिकटती. शिंग लागलेल्या शेळीच्या भोकावर हिनंच ठिगळ लावलं हुतं."

मी चारचौघांत म्हणालो, "अरे, ती नुसती चरबी. तिला काय पाय आहेत?"

लोक हसले. मला इतकं बरं वाटलं की आणखी दोन वाक्यं बोललो. तेव्हापासून तो 'जाळी डॉक्टर' झाला आणि लोकांनी त्याला जनावरं दाखवणं सोडलं.

गेल्या वर्षी माझं पोट दुखलं. गॅस समजून चार दिवस ओवा चावला. शेवटी ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, "अपेंडिक्स फुटलं होतं. पोटाच्या अस्तराची एक घडी जठरापासून खाली पदरासारखी लोंबते. तिने ते गुंडाळून धरलं, म्हणून वाचलात."

"चरबीची जाळी?"

"तीच."

तिला पाय नसतात, आतड्यांच्या हालचालीने ती सरकते, असंही ते म्हणाले; म्हणजे पायांपुरतं तरी माझं बरोबर होतं. त्यावर मी दोन दिवस समाधान मानलं.

टाके सुकल्यावर त्या धनगराच्या ओसरीवर गेलो. "तुझं खरं होतं. पुढच्या कंदुरीत सगळ्यांसमोर सांगतो."

"एवढं कळाया पोट फाडून घ्यावं लागलं व्हय? हसणारे निम्मे मेले, गुरुजी. माझ्या सुनेला सांगा. ती काल बी जाळी डॉक्टर म्हनली."

सुनेला बोलावलं. सगळं सांगितलं, वर सदरा उचलून व्रणही दाखवला. इतक्या मन लावून माझ्या वर्गात कुणी ऐकलं नव्हतं. मग ती सासऱ्याकडे वळली.

"आबा, मंग तांबड्या शेळीला का म्हून बघंना तुमी? तीन दिस झालं, चारा खाईना."

म्हातारा ताडकन उठून गोठ्याकडे गेला. मला चहा विचारायचंही त्याला सुचलं नाही.